कुंचला कुणाच्या हाती

"गेला," मास्तर म्हणाले.

पलीकडच्या खोलीत सून आपल्या कामात होती. दोन खोल्यांमधलं दार ती उघडंच ठेवत असे. तिनं मान वर केली.

"काय गेलं, बाबा?"

"कुंचला. माझं दुसरं जाण्यासारखं आता उरलंय काय!"

"काय उरलंय म्हणजे? मी बसलेय ना इथं ढळढळीत," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "का मलाही नेलं कुणी?"

सून हसली, पण मास्तर हसले नाहीत. समोरच्या संगणकाच्या पडद्यावर डोळे लावून ते बसून राहिले. उजवा हात मेजाखाली, मांडीवर होता.

मास्तरांचा जन्म कापडावर छापायची नक्षी काढण्यात गेला होता. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. निवृत्त झाल्यावरही कार्यालयानं त्यांना सोडलं नव्हतं, कारण कोपरा काढावा तर मास्तरांनीच, असं सगळे मानत. किनारीवरची वेल सरळ धावत येते, पण कोपऱ्यात तिला वळावं लागतं, आणि पलीकडून येणाऱ्या वेलीला अशी मिळावी लागते की सांधा कुठे आहे ते बघणाऱ्याला कळू नये. हे काम पट्टीनं होत नाही आणि घाईनंही होत नाही.

पूर्वी ज्यानं त्यानं आपापला कागद रंगवायचा आणि शेवटी सगळे तुकडे जोडायचे, अशी रीत होती. त्यात एकदा एका मोठ्या मागणीची फुलं एकीकडे आणि देठ दुसरीकडे छापून आले. गठ्ठेच्या गठ्ठे फरशी पुसायच्या कामाला गेले. तेव्हापासून कार्यालयाच्या मुख्य बाईंनी एकच कागद ठेवला. तो सगळ्यांच्या पडद्यांवर एकाच वेळी उघडे, कार्यालयात बसलेल्यांच्या आणि घरून काम करणाऱ्यांच्याही. एकानं रेघ ओढली की सगळ्यांना दिसे. बोलणंही सगळ्यांना ऐकू येई. कुंचला मात्र एकच. तो ज्याच्याकडे असेल त्यानंच काढायचं. इतरांना हवा असेल तर कडेचं बटण दाबून हात वर करायचा आणि वाट बघायची.

वाट बघण्यातही मानपान होता, आणि तो ठरवण्याचं काम सुनेकडे होतं. ती त्याच कार्यालयात नोकरीला होती आणि यंत्रांची सगळी व्यवस्था तीच बघत असे. पहिला मान बाईंचा. थांबायचं नसेल तर त्या कुणाच्याही हातातून कुंचला ओढून घेऊ शकत; हा हक्क फक्त त्यांना. दुसरा मान रंग भरणाऱ्याचा. तो बोलायला घाईचा, चालायला घाईचा, म्हणून त्याला सगळे विमान म्हणत. मग बाकीचे. आणि सगळ्यांत शेवटी मास्तर. घरचाच माणूस तळाशी बसवला की कुणाला बोलायला जागा राहत नाही, असा तिनं विचार केला होता. मास्तरांनीही तेव्हा मान डोलावली होती. "बरोबर आहे. मी आता अर्ध्या दिवसाचा गडी."

आणखी एक नियम होता. कुंचला हातात घेऊन कुणी नुसतंच थांबलं, तो जराही हलला नाही, आणि मागे कुणी हात वर करून असलं, तर थोड्याच वेळात तो आपोआप पुढच्याकडे जाई. अडवून बसू नये म्हणून. या नियमावर कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार करण्याजोगं फक्त मास्तरांचं होत होतं, आणि ते बोलत नव्हते.

त्या आठवड्यात मुलांच्या एका दवाखान्याचे पडदे करायचे होते. पांढऱ्या कापडावर हिरवी वेल, वेलीत निळी फुलं आणि मधूनच डोकावणारी पाखरं. मास्तरांनी ते काम ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आजारी मूल दिवसभर पडद्याकडेच बघणार, ते म्हणाले, त्याच्या डोळ्याला कुठं ठेच लागता कामा नये.

आणि मग रोज तेच होऊ लागलं. कुंचला येई, मास्तर एक रेघ ओढत, थांबत, आणि कुंचला निघून जाई.

सासूबाई पोळपाटावरचं पीठ पुसता पुसता सुनेला हळूच म्हणाल्या, "काल मला म्हणाले, हा कोपरा माझ्या हातून झाला नाही तर लेखणी ठेवून देतो. खूळ आहे झालं."

सुनेला मात्र ते खूळ वाटलं नाही. तिच्या स्वतःच्या वडिलांनी असंच एक दिवस काम ठेवलं होतं. मग चष्मा ठेवला, मग बाहेरच्या चपला ठेवल्या, आणि मग भर दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. आई चहा घेऊन उशाशी उभी राही आणि ते जागे असून डोळे उघडत नसत. देवानं तिला या घरात दुसरे वडील दिले होते. त्यांचं तोंड तिला भिंतीकडे वळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात गेली होती. विमानाच्या मागे उभी राहून त्याचं यंत्र तपासत होती. पडद्यावर मास्तरांच्या नावाचा कुंचला आला, वेलीला एक नाजूक बाक दिला आणि निपचित थांबला.

"झोपले," विमान म्हणाला. बोलणं सगळ्यांना ऐकवणारी तार बंद होती, म्हणून बरं. "बघ, आता घोरतील."

"विचार करत असतील," सून हळू आवाजात म्हणाली.

"आम्ही काय विचार न करता रंगवतो? ताई, राग मानू नको. त्यांच्याच हाताखाली शिकलोय मी. पण माझा निळा वाळतोय इथं."

"पडद्यावरचा निळा कसा वाळेल?"

"माझा जीव वाळतोय, तो दिसत नाही का?"

तेवढ्यात कुंचला त्याच्याकडे आला आणि तो कामाला लागला. बाई आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. आवाज नेहमीसारखा करडा, पण नजर खाली.

"तुला आधीच सांगते," त्या सुनेला म्हणाल्या. "परवा दुपारपर्यंत कोपरा झाला नाही, तर जुन्या कुठल्यातरी नक्षीचा उचलून लावावा लागेल. छपाईवाले थांबत नाहीत. मास्तरांना मी सांगू, का तू सांगशील?"

"थांबायचा वेळ सगळ्यांनाच थोडा वाढवून दिला तर?"

"मग प्रत्येक जण कुंचला हातात धरून चहा पिईल. माहीत आहेत मला एकेक." त्या जरा थांबल्या. "मलाही जुना कोपरा नको आहे गं. पण काय करू?"

सुनेनं घरी काही सांगितलं नाही. सकाळी हात जोडून उठली, आणि यंत्रासमोर बसून तिनं मास्तरांचा मान शेवटून उचलून बाईंच्या खालोखाल ठेवला. विमानाच्याही वर, आणि त्यांनी हात वर करताच कुंचला कुणाच्याही हातातून त्यांच्याकडे यावा, अशी सोय केली. त्यांनी थांबावं तितकं थांबावं म्हणून त्यांच्यापुरता थांबण्याचा नियमही काढून टाकला. देवाच्या दारात मागून आलेल्यालाही जागा मिळते, मग आपल्या दारात का नको, असं तिनं मनाशी म्हटलं.

मास्तरांनी हात वर केला मात्र, आणि कुंचला विमानाच्या हातातून निसटून त्यांच्याकडे आला. विमान एक फूल भरत होता. निळा अर्ध्या पाकळीत थांबला.

"अरे! ओढला कुणी?" विमानाचा आवाज घरभर घुमला. "बाई, तुम्ही घेतलात?"

"मी नाही."

"मग? भुतानं?"

मास्तरांनी पडद्यावर कुंचल्याखालचं नाव वाचलं. आपलंच होतं. ती अर्धी पाकळी त्यांनी बघितली, कितीतरी वेळ बघितली, आणि एकही रेघ न ओढता कुंचला सोडून दिला. मग उठून सुनेच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे तू केलंस, पोरी?"

"हो, बाबा."

"माझ्यासाठी?"

तिनं मान डोलावली.

"एका मेजावर बसायचो ना आम्ही, तेव्हा कुणाच्या हातातून भरलेला कुंचला घ्यायची पद्धत नव्हती," मास्तर म्हणाले. रागावले नव्हते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "ती पाकळी आता कशीही जोडली तरी विमानाला जोड दिसणार. मी होतो तिथं बसव मला."

"पण बाबा, मग कोपरा..."

"होईल तर होईल."

तिनं सगळं पूर्ववत केलं. मास्तर आपल्या खुर्चीत जाऊन बसले. सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि दोघांपुढे न विचारता चहा ठेवला.

चहाचा कप घेऊन सून उठली आणि पहिल्यांदाच मास्तरांच्या शेजारी स्टूल ओढून बसली. इतके दिवस ती त्यांना पडद्यावर बघत होती, नावाखालचा एक कुंचला म्हणून. खोली दोन पावलांवर होती, दार उघडं होतं, तरी बघत होती ती पडद्यावरच.

कुंचला मास्तरांकडे आला. त्यांनी कुंचला चालवायची लेखणी यंत्राला जोडलेल्या काळ्या पाटीवर धरली. हात झोकात निघाला, वेल वर चढली, जरा झुकली. एवढी शांत रेघ की तिला वाटलं, श्वास घेतला तर हलेल. मग मास्तर थांबले. वेल पुढे कुठं न्यायची याचा विचार होता तो. आणि थांबताक्षणी त्यांच्या हाताला कंप सुटला. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासल्यासारखी हलू लागली. मास्तरांनी चटकन लेखणी उचलली आणि हात मेजाखाली नेला.

पडद्यावरचा कुंचला निपचित पडला. थोड्या वेळानं निघून गेला.

सुनेच्या आता लक्षात आलं. रेघ ओढताना त्यांचा हात शहाण्यासारखा वागत होता. थरथर होती ती थांबल्यावरची. आणि लेखणी पाटीवर नुसती धरून ठेवली असती, तर त्या थरथरीनंच कुंचला जरा जरा हलत राहिला असता. यंत्रानं तो थांबलेला धरलाच नसता. तो गेलाच नसता.

"बाबा," ती हळू म्हणाली, "हात काढून का घेता?"

"सवय."

"ठेवलात तर कुंचला जाणार नाही. यंत्राला तुम्ही हलताना दिसलात की पुरे. लेखणी दाबू नका, नुसती वर धरा. रेघ उमटणार नाही."

"ठाऊक आहे मला."

तिनं चमकून बघितलं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," मास्तर म्हणाले. "पण मग तो कुंचला थरथरताना सगळ्यांच्या पडद्यावर दिसतो. इथं बायको बघते, तू बघतेस, ते ठीक. तिथं माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत. रेघ हलली की मी कागद फाडायचो त्यांचा. त्या विमानाला तर मी एकदा रडवलंय. आता त्यांनी माझा हात बघायचा?"

"अहो, डोक्यावरचे केस गेले ते सगळ्या गावानं बघितलं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तेव्हा काही मेजाखाली डोकं नाही घातलंत."

"तू जरा..."

"मी जरा काय? सकाळी शर्टाची बटणं मी लावते. लाजलात का कधी? आणि उगाच माझ्यासमोर ताठ बसू नका. पाठ दुखली की रात्री मलाच चोळावी लागते."

मास्तर खुर्चीत जरा मागे टेकले. सून स्टूल उचलून निघाली. जे सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि आता त्यांना ढकलणं म्हणजे पुन्हा त्यांच्या हातातून काहीतरी ओढून घेण्यासारखंच झालं असतं.

शेवटचा दिवस उजाडला. सुनेनं कार्यालयात निरोप दिला की आज मी घरूनच काम करीन, आणि आपलं बस्तान मास्तरांच्या खोलीत हलवलं. बोलण्याची तार सुरू होती. पलीकडे बाई कुणाला तरी छपाईवाल्यांचा फोन घ्यायला सांगत होत्या. विमान आपली फुलं आटपत होता. नवी आलेली मुलगी किनारीला पाखरं बसवत होती. मास्तरांनी हात वर केला आणि सगळ्यांच्या मागे थांबून राहिले.

कुंचला फिरत फिरत त्यांच्याकडे आला.

त्यांनी वेल उचलली, कोपऱ्याच्या तोंडाशी आणली, आणि थांबले. हात थरथरू लागला. सुनेनं पडद्याकडे बघायचं टाळलं. ती त्यांच्या हाताकडेही बघत नव्हती. मेजाच्या कडेला चहाचं एक गोल वाळलेलं होतं, तिकडे बघत होती. विमानाचा हात वर झाल्याची खूण पडद्यावर उमटली. मग बाईंचीही उमटली. बाईंनी अजून कुंचला ओढला नव्हता, पण घड्याळ त्यांनाही दिसत होतं.

मास्तरांचा हात पाटीवरच राहिला.

सगळ्यांच्या पडद्यांवर, त्या अर्ध्या वळलेल्या वेलीच्या टोकाशी, मास्तरांच्या नावाचा कुंचला थरथरत होता.

"हे असं का हलतंय?" नवी मुलगी म्हणाली. "नेट गेलं का कुणाचं?"

सुनेनं तोंड उघडलं. पण मास्तरच बोलले.

"नेट ठीक आहे, बाळा. हात हलतोय माझा."

पलीकडे एक खुर्ची करकरली.

"केव्हापासून?" विमानानं विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"आणि सांगायचं नाही? आम्ही इथं मास्तर झोपले म्हणून हसतोय."

"ऐकू यायचं नाही ते मला."

"म्हणून तर हसत होतो. ऐकू येत असतं तर हसलो असतो का?" विमानानं लेखणी खाली ठेवल्याचा आवाज आला. "मास्तर, मला वाटलं, तुम्हाला आता आमचं काम आवडेनासं झालं. म्हणून मध्येच उठून जाता."

मास्तरांना हे अगदी अनपेक्षित होतं. "वेडा आहेस का रे? तुझा निळा बघायला तर मी बसतो इथं."

"मग तसं बोलायचं असतं कधीतरी. शिकताना एकदा बोलला असतात तरी चाललं असतं."

"तेव्हा तुझा निळा भिकार होता."

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, हसायला की कशाला, ते सुनेला कळलं नाही.

"गप्पा मागून," बाई म्हणाल्या. त्यांच्या नावाची खूण पडद्यावरून मिटली. त्यांनी आपला वर केलेला हात खाली घेतला होता. "छपाईवाल्यांशी मी बोलते. मास्तर, तुम्ही कोपरा बघा."

विमानाचीही खूण मिटली. सुनेनं कडेच्या यादीवर नजर टाकली. कुणीच वाट बघत नव्हतं. तिनं कुणाचाही मान वरखाली केला नव्हता.

मास्तर मात्र घाईला आले नाहीत. हात थरथरत राहिला, कुंचला थरथरत राहिला, आणि ते वेलीकडे बघत राहिले. मग लेखणी दाबली. थरथर जिथल्या तिथं थांबली. वेल कोपऱ्यात शिरली, एक पान खाली सोडून आत वळली आणि अशी अलगद पलीकडच्या वेलीला जाऊन मिळाली की सुनेनं पुन्हा पुन्हा शोधलं तरी सांधा सापडेना. पुन्हा थांबणं, पुन्हा थरथर, पुन्हा रेघ. मध्येच नव्या मुलीनं भीत भीत विचारलं, "मास्तर, मी पाखरू कुठं बसवू?" आणि मास्तर म्हणाले, "बसव की पानाच्या पाठी. थोडी चोच दिसू दे फक्त. आजारी पोराला शोधायला काहीतरी हवं ना."

कोपरा झाला तेव्हा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. मास्तरांनी कुंचला सोडला.

"पाठवते," बाई म्हणाल्या. एवढंच. पण त्यांनी तार लगेच बंद केली नाही.

"एक मिनिट," विमान म्हणाला. "मास्तर, हे खालचं पान तुम्ही उजवीकडे वळवलंत. आता माझं फूल त्याच्यावर चढतंय."

"फूल खाली घे मग."

"मी का घेऊ? पान उचला तुम्ही."

"पान उचललं तर वेल लंगडी दिसेल. तुला दिसत नाही का?"

"मला फूल गुदमरताना दिसतंय!"

"रंगाऱ्याला पान कशाला कळतंय!"

"आणि पानवाल्याला फूल!"

"अहो, पुरे," बाई कळवळून म्हणाल्या. "छपाईवाले फोनवर आहेत."

"त्यांना म्हणावं, थांबा जरा," मास्तर म्हणाले. सुनेनं त्यांचा हा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला होता, बारीक धारेचा. "ए विमाना, दे इकडे कुंचला. दाखवतो तुला."

"मिळणार नाही. हात वर करा आणि थांबा. मी आधी आहे."

मास्तरांनी मान वळवून सुनेकडे बघितलं. तिनं दोन्ही हात कानाला लावले, म्हणजे मला काही विचारू नका.

"आई गं," सासूबाई म्हणाल्या, "पोरं बरी यांच्यापेक्षा," आणि गार झालेले कप उचलून पुन्हा चहा टाकायला आत गेल्या.

मास्तरांनी बटण दाबलं, आणि आपली पाळी यायची वाट बघत बसले. विमान फूल इकडून तिकडे सरकवत होता, आणि ते पडद्याला नाक लावून प्रत्येक वेळी "अंहं" करत होते. हात मेजावर पडला होता आणि आपल्या मनानं हलत होता. त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.